जिन्यात राहिलेली चप्पल : एका मॅक्रोबायोटिक सल्ल्याचं प्रकरण

शाळा सुटल्यावर बाई जिना उतरल्या, पटांगणात दहा-बारा पावलं गेल्या आणि मागून सातवीतली एक मुलगी धावत आली. "बाई, तुमची चप्पल वरच राहिली!" बाईंनी खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी. चप्पल कधी सुटली, त्यांना पत्ताच नव्हता.

ही गोष्ट त्यांनी मला सांगितली ती पाच महिन्यांनी, आणि तीही दवाखान्याच्या बाकावर बसून. मी त्यांची आहार-सल्लागार होते. त्या पाच महिन्यांत आमच्या तीन भेटी झाल्या होत्या.

प्रकरण माझ्याच हातचं आहे. बाईंच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. मॅक्रोबायोटिक म्हणजे अख्खं धान्य, भाज्या आणि यिन-यांग या दोन विरुद्ध शक्तींचा समतोल यांवर बेतलेली आहारपद्धती. तो स्वयंपाक मी बरीच वर्षं शिकवते, आणि त्यातूनच पुढे वैयक्तिक सल्ला द्यायला लागले. या क्षेत्रात हे असंच होतं. आधी माणूस स्वयंपाक शिकतो, मग शिकवतो, मग कुणीतरी विचारतं, "ताई, माझ्या गुडघ्यांसाठी काय खाऊ?" उत्तर दिलं की तुम्ही सल्लागार झालात. अभ्यासक्रम आहेत, पायऱ्या आहेत, प्रमाणपत्रंही आहेत. पण डॉक्टरला लागतो तसा परवाना बहुतेक ठिकाणी लागत नाही, आणि तुमचं चुकलं तर विचारायलाही कुणी येत नाही.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा ४३ वर्षांच्या होत्या. गणित शिकवायच्या. तक्रारी दोन : रोजचं आम्लपित्त आणि महिन्यातून तीन-चारदा अर्धशिशी. आम्लपित्तासाठी सहा वर्षं रोज सकाळी एक गोळी चालू होती. जन्मापासून शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. दूध-दही मात्र भरपूर. वजन ६१ किलो.

माझा फॉर्म चार पानांचा होता. घास किती वेळा चावता, झोपता कधी, शौचाला कसं होतं, आईने गरोदरपणी काय खाल्लं होतं, आणि जन्मतारीख, कारण नऊ ताऱ्यांचं गणित, म्हणजे एक प्रकारचं ज्योतिष, मांडायचं असे. मग चेहरा वाचायचा. जपानी परंपरेत याला बोशिन म्हणतात : भुवयांमधली उभी रेघ म्हणजे यकृत, डोळ्यांखालची सूज म्हणजे मूत्रपिंडं, खालचा ओठ म्हणजे आतडी. औषधांसाठी चौथ्या पानावर एक ओळ होती. तिथे बाईंनी गोळीचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. मी ते वाचलं, "ही सुटेल हळूहळू" म्हटलं आणि पान उलटलं.

आहार दिला तो ही पद्धत अमेरिकेत रुजवणाऱ्या मिचियो कुशींच्या परंपरेतला, जगभर शिकवला जातो तोच. निम्मं ताट किंवा थोडं जास्त अख्खं धान्य, मुख्यतः ब्राऊन राईस आणि बार्ली. पाव भाग किंवा त्याहून जरा अधिक भाज्या. थोडी कडधान्यं आणि समुद्री शेवाळ. रोज वाटीभर मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं. साखर बंद. बटाटा, टोमॅटो, वांगं, मिरची बंद. दूध आणि दुधाचं जे जे काही, ते बंद. प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा.

सहा आठवड्यांत आम्लपित्त गेलं. गोळी सुटली. तिसऱ्या महिन्यापासून अर्धशिशी महिन्यातून एखाद्या वेळीच उठायची. हे खरंच झालं होतं, आणि पुढचं सगळं समजायला ते लक्षात ठेवावं लागेल. बाईंचा विश्वास आंधळा नव्हता, कमावलेला होता. आज मी म्हणेन की रात्री साडेदहाचं जेवण, तळलेलं आणि दिवसाचे सात-आठ कप चहा हे सुटलं, त्यानेच अर्धं काम केलं असणार. तेव्हा मी म्हटलं, यिन आणि यांग समतोलात आले.

आणि मी आणखी एक केलं. नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी मी बाईंना बोलवायला लागले. दहा मिनिटं त्या स्वतःची हकिकत सांगायच्या. गणिताच्या शिक्षिका, त्यामुळे बोलणं मुद्देसूद. लोक वहीत उतरवून घ्यायचे. एकदा आम्ही रेकॉर्डिंगही केलं.

आमच्या क्षेत्राला अशा हकिकतींची सवय जुनी आहे. फिलाडेल्फियातल्या एका रुग्णालयाचे प्रमुख असलेले डॉ. अँथनी सॅटिलारो यांना १९७८ साली प्रोस्टेटचा, हाडांपर्यंत पसरलेला कर्करोग निघाला. ते मॅक्रोबायोटिक आहारावर आले, बरे वाटू लागले आणि १९८२ साली त्यांचं पुस्तक निघालं. त्या पुस्तकाने जितके लोक आमच्याकडे आले तितके दुसऱ्या कशानेच आले नसतील. मी स्वतः वर्गात ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली. त्यांच्यावर शस्त्रक्रियाही झाली होती आणि हार्मोनचे उपचारही, हे मी ओझरतं सांगायचे. आजार उलटला आणि १९८९ साली ते गेले, हे सांगायचेच नाही. खोटं बोलत नव्हते. गोष्ट जिथे चांगली वाटते तिथे थांबत होते.

बाईंची गोष्टही मी अशीच सहाव्या आठवड्यापाशी थांबवून ठेवली होती. त्या मात्र पुढे जगत होत्या.

माझ्या वहीतल्या नोंदी आता वाचवत नाहीत, तरी देते. चौदावा महिना : "सर्दी पंधरा दिवस. निचरा." विसावा महिना : "थकवा, जिना चढताना धाप. वजन ५२. जुना साठा बाहेर पडतोय, धीर धरा." सव्विसावा महिना : "जीभ लाल, गुळगुळीत. यांग वाढलंय. मीठ आणि तमारी (सोया सॉस) कमी." एकोणतिसावा महिना : "पावलांत मुंग्या, संध्याकाळी जास्त. आल्याच्या पाण्याचा शेक."

सव्विसाव्या महिन्याची नोंद मला सगळ्यांत जास्त बोचते. जिभेवरची बारीक खरखर जाऊन ती आरशासारखी सपाट झाली होती. मी ती खिडकीपाशी नेऊन, उजेडात, नीट पाहिली होती. चेहरा वाचायला मला शिकवलं होतं आणि मी तो वाचत होते. ज्या पोषणाच्या अभावाने जीभ अशी होते, ते नाव मात्र माझ्या तक्त्यात नव्हतं.

आता त्या "निचरा" शब्दाबद्दल. इंग्रजीतून शिकलेले लोक डिस्चार्ज म्हणतात. कल्पना अशी की चुकीच्या खाण्याने शरीरात वर्षानुवर्षं साठलेलं आहार सुधारल्यावर बाहेर पडू लागतं, आणि ते पडताना त्रास होतो. सुरुवातीच्या काही दिवसांसाठी ही कल्पना अगदीच टाकाऊ नाही. चहा सोडल्यावर डोकं दुखतं, भरड धान्य वाढलं की पोट फुगतं, आणि "चार दिवसांत थांबेल" असं सांगणारं कुणी असेल तर माणूस टिकतो. घोटाळा असा की या शब्दाला मुदत नसते. बरं वाटलं तर आहार लागू पडला, बरं नाही वाटलं तर निचरा चाललाय. एकोणतिसाव्या महिन्यात कसला निचरा, हा प्रश्न गणिताच्या शिक्षिकेला पडला नाही आणि मलाही नाही.

चपलेचा प्रसंग एकतिसाव्या महिन्यातला. त्यानंतर फळ्यावर लिहिताना खडू बोटांतून निसटायला लागला. मग एका सकाळी बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि बाई सरळ पुढे कलंडल्या. नळ कपाळात गेला, तीन टाके पडले. टाके घालणाऱ्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "पडलात कशा? चक्कर आली?" बाई म्हणाल्या, "चक्कर नाही. डोळे मिटले की तोल जातो." डॉक्टरांचा हात तिथेच थांबला म्हणे. त्यांनी तिथूनच फिजिशियनकडे पाठवलं.

फिजिशियनने केलेली तपासणी बाईंनी मला इतकी बारकाईने सांगितली की मी तिथे असल्यासारखी ती मला दिसते. ट्यूनिंग फोर्क तळहातावर आपटून त्याचं बूड त्यांनी बाईंच्या अंगठ्यावर टेकवलं. "काय जाणवतंय?" "गार लागतंय." "कंप?" "आवाज येतोय ना." "पायाला विचारतोय." मग घोट्यावर. मग नडगीवर. गुडघ्याशी आल्यावर बाई दचकल्या, कारण तिथे तो खरंच थरथरत होता आणि खाली काही नव्हतंच. टाचेच्या वर हातोडी मारली तर पाऊल हललं नाही. तळव्यावर किल्ली ओढली तर अंगठा वर गेला, मोठ्या माणसाचा तो खाली जायला हवा.

रक्तात बी-१२ निघालं मिलिलिटरमागे ८८ पिकोग्रॅम. साधारण २०० च्या खाली कमतरता धरतात. होमोसिस्टीन, म्हणजे बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं एक द्रव्य, ५२, म्हणजे नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त. एमआरआयमध्ये मानेच्या भागात मज्जारज्जूच्या मागच्या पट्ट्यात बदल. हिमोग्लोबिन मात्र ११.६, आणि लाल पेशींचा आकारही ठीकठाक. कुणी फक्त साधं हिमोग्राम केलं असतं तर "थोडा अशक्तपणा" म्हणून घरी पाठवलं असतं. बी-१२ कमी पडलं की पेशी मोठ्या होतात हे पुस्तकातलं, पण पालेभाज्या आणि कडधान्यांतून फोलेट हे दुसरं बी-जीवनसत्त्व भरपूर मिळत असेल तर रक्तातला तो बदल झाकला जाऊ शकतो. नसा आतल्या आत बिघडत राहतात. बाईंचं ताट फोलेटने भरलेलं होतं. माझंच ताट ते.

हे घडायला अडीच वर्षं का लागली, हे मला डॉक्टरांनी कागदावर आकडे मांडून समजावलं. मोठ्या माणसाला दिवसाला बी-१२ लागतं अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास. यकृतात साठा असतो दोन ते पाच मिलिग्रॅम, आणि पित्तातून आतड्यात उतरलेलं बरंचसं शरीर परत शोषून घेतं. त्यामुळे आवक पूर्ण बंद झाली तरी साठा वर्षानुवर्षं पुरू शकतो. पण हा हिशोब भरलेल्या कोठाराचा. जन्मभर शाकाहारी माणसाचं कोठार बहुतेक आधीच अर्धवट असतं, त्याला आवक फक्त दुधाची. त्यात बाईंनी सहा वर्षं आम्ल कमी करणारी गोळी घेतलेली, आणि अन्नातल्या प्रथिनापासून बी-१२ सुटं व्हायला जठरातलं आम्लच लागतं. चौथ्या पानावरची ती ओळ अशी महत्त्वाची होती.

आणि इथे एक गोष्ट आहे जी मला कुठल्याही वर्गात कुणी सांगितली नाही. मॅक्रोबायोटिक आहार म्हणजे शुद्ध शाकाहार, असं आपण धरून चालतो. तो तसा नाही. तो जपानमध्ये घडला. लष्करी डॉक्टर सागेन इशिझुका यांच्या विचारांवर युकिकाझू साकुराझावा, म्हणजेच जॉर्ज ओहसावा (१८९३–१९६६), यांनी तो उभा केला. १९४९ साली अमेरिकेत गेलेल्या कुशींनी तो तिथे रुजवला. कुशींच्या ताटात आठवड्यातून कधीतरी पांढऱ्या मांसाचा मासा चालतो. म्हणजे दूध काढलं तरी बी-१२ यायला एक खिडकी उघडी राहते. जन्मजात शाकाहारी माणसाला आपण तेच ताट देतो तेव्हा दूध जातं आणि मासा येत नाही. दोन्ही खिडक्या बंद. आमच्याकडे येणाऱ्यांत शाकाहारीच जास्त, आणि मासा नको म्हटलं की आम्हाला उलट कौतुकच वाटायचं.

"नोरीत बी-१२ असतं", हेही मी बाईंना सांगितलं होतं. एकदा नव्हे. (नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचे वाळवलेले पापुद्रे.) नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकात पीटर डाग्नेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅक्रोबायोटिक कुटुंबांतल्या बाळांचा सविस्तर अभ्यास केला. वाढ मागे पडलेली, बी-१२ कमी, आणि मुडदुसाची शारीरिक लक्षणं उन्हाळ्याच्या शेवटापासून शरद ऋतूपर्यंतच्या तपासणीत २८ टक्के, तर मार्च-एप्रिलमध्ये ५५ टक्के बाळांत. याच गटाने १९९१ साली दाखवलं की बी-१२ कमी असलेल्या मुलांना शेवाळ दिल्यावर रक्तातला आकडा वाढतो, पण रक्तपेशींची स्थिती सुधारत नाही. शेवाळातलं बरंचसं बी-१२ सारखं दिसणारं असतं, कामाचं नसतं. त्या संशोधकांनी आहार मोडीत काढा असं म्हटलं नव्हतं. तेल वाढवा, तेलकट मासा आणि थोडं दूध घाला, असं सांगितलं होतं. हे छापून कितीतरी वर्षं झाली होती जेव्हा मी नोरीबद्दल ते वाक्य बोलत होते.

खरं सांगायचं तर धोक्याचा इतिहास मला अजिबात ठाऊक नव्हता असं नाही. ओहसावांच्या आहाराच्या दहा पायऱ्या होत्या, उणे तीनपासून सातपर्यंत, आणि सातवी म्हणजे नुसतं धान्य. १९६५ साली न्यू जर्सीतली २४ वर्षांची एक तरुणी हा सातवा आहार महिनोन् महिने पाळून गेली. १९७१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या आहार परिषदेने या कडक आहाराविरुद्ध निवेदन काढलं. हे आम्हाला शिकवलं होतं, पण "ते ओहसावांचं टोक, कुशींनी आहार रुंद केला, आता तसं होत नाही" अशा सुरात. सगळा धोका सातव्या पायरीवर ठेवून दिला की बाकीच्या पायऱ्यांवर माणूस निर्धास्त होतो.

दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा बाईंचे मिस्टर दाराशीच उभे होते. "तिला पथ्यावर नव्हतं ठेवलंत तुम्ही, उपाशी ठेवलंत," एवढंच म्हणाले आणि बाजूला झाले. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. माझ्या मनात उत्तर तयार होतं : मी तेल सांगितलं होतं, त्यांनी बंद केलं, मी शिजवलेली फळं सांगितली, त्यांनी सोडली. ते खरंही होतं. बाईंनी आहार माझ्याहून कडक केला होता. पण का केला, ते त्यांनी स्वतःच सांगितलं.

"ताई, तुम्ही मला वर्गासमोर उभं करत होता. लोक वहीत लिहून घ्यायचे. मग मी त्यांच्यासमोर म्हणू का, की माझी चप्पल पायातून सुटली तर मला कळत नाही? मला वाटलं, माझंच कुठेतरी चुकतंय, अजून नीट पाळलं तर निचरा लवकर संपेल."

मुंग्यांबद्दल त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, आणि मी शेक लिहून दिला होता. चपलेबद्दल, खडूबद्दल, जिन्यावर कठडा धरून चालण्याबद्दल त्या बोलल्याच नाहीत. जिची हकिकत सांगून मी नवे लोक आणत होते, तिला तक्रार करायची सोय मी ठेवली नव्हती. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचं मूळ बी-१२ च्याही आधी इथे आहे.

तपासणीत आणखी एक निघालं : टीएसएच ९.१, म्हणजे थायरॉइड मंदावलेलं, बहुधा आयोडीन जास्त झाल्याने. मी प्रत्येक कडधान्याबरोबर कोंबू या समुद्री शेवाळाची पट्टी शिजवायला आणि तीही खायला सांगत असे. मोठ्या माणसाला दिवसाला आयोडीन लागतं १५० मायक्रोग्रॅम, आणि कोंबूच्या एका ग्रॅममध्ये दोन हजारांहून जास्त असू शकतं. शेवाळ बंद केल्यावर चार महिन्यांत आकडा गोळीशिवाय खाली आला, म्हणून हा भाग इथेच सोडते.

उपचार तसे साधे. बी-१२ ची इंजेक्शनं, आधी दिवसाआड, मग सुधारणा थांबेपर्यंत तशीच, मग दोन महिन्यांनी एक. त्या फिजिशियनबद्दल मला आदर वाटतो तो एका वाक्यासाठी. बाईंनी विचारलं, हा आहार सोडायचा का? ते म्हणाले, "ब्राऊन राईस खा, मिसो सूप प्या, माझं त्याच्याशी भांडण नाही. इंजेक्शन चुकवायचं नाही." सहा वर्षं आम्लाची गोळी लिहून देणाऱ्यानेही एकदा बी-१२ पाहायला हवं होतं, असं ते पुटपुटले. त्याने माझं ओझं हलकं होत नाही, पण नोंद करून ठेवते.

मी माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांसमोर हे प्रकरण मांडलं. दोघी गप्प बसल्या. एकीने विचारलं, "घास नीट चावत होती का पण?" या प्रश्नावर मी इतकी वर्षं मान डोलावत आले होते, म्हणून तिच्यावर चिडताही आलं नाही.

फॉर्म बदलला. नऊ तारे गेले. पहिल्याच पानावर औषधं, जुने आजार, आणि आजवर दूध-अंडी-मासे काय आणि किती. शाकाहारी माणसाचं दूध बंद करायचं असेल तर आधी बी-१२ ची तपासणी आणि गोळी चालू, नाहीतर मी सल्ला देत नाही. मुंग्या, बधिरपणा, तोल, धाप, गुळगुळीत जीभ, कमी होत जाणारं वजन यातलं काहीही असेल तर मी शेक सांगत नाही, डॉक्टरकडे पाठवते. "निचरा" हा शब्द पहिल्या दोन आठवड्यांपुरता ठेवला आहे. जुन्या शाकाहारी लोकांना एकेक करून फोन केले. काहींचं बी-१२ खरंच कमी निघालं, सुदैवाने नसांपर्यंत गेलं नव्हतं. एकीने फोनवरच सुनावलं, "हे आता सांगताय?" आणि ठेवून दिला.

चौदा महिने झाले. बाई शाळेत रुजू आहेत. खडू आता सुटत नाही, जिना कठड्याशिवाय उतरतात, पण अंधारात अजून भिंत धरावी लागते. पुढे किती सुधारेल हे डॉक्टर सांगत नाहीत. मी त्यांचं रेकॉर्डिंग काढून टाकलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "काढू नका, उरलेलं जोडा." मागच्या महिन्यात नव्या वर्गासमोर त्या पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी दहाऐवजी चाळीस मिनिटं लागली. आम्लपित्त कसं गेलं तेही सांगितलं, आणि चप्पलही. शेवटी कुणीतरी विचारलं की आता पाय कसे आहेत. बाई म्हणाल्या, रोज सकाळी न्हाणीघरात गेलं की आधी डावा अंगठा फरशीला टेकवून बघते. उजव्याला गार लागतं. डाव्याला अजून नाही.